हलक्या पुलीचे जड प्रश्न

मोटारीचे इंजिन अधिक चपळ करण्याचे जे अनेक उपाय हौशी मंडळींत प्रचलित आहेत, त्यांत हलक्या क्रँक पुलीचा क्रमांक बराच वरचा लागतो. इंजिनच्या पुढच्या टोकाला असलेली दोन-अडीच किलोची मूळ पुली काढायची आणि तिच्या जागी जेमतेम सातशे ग्रॅमची, लाल-निळ्या रंगात झळकणारी ॲल्युमिनियमची पुली बसवायची, इतकाच हा उद्योग. इंजिन खोलावे लागत नाही, काम काही तासांत आटोपते आणि बॉनेट उघडले की केलेला खर्च डोळ्यांना दिसतो. अमेरिका, जपान आणि युरोपमध्ये अशा पुलींचा व्यापार वर्षानुवर्षे चालू आहे आणि तितकीच वर्षे त्यांच्याविषयीचा वादही चालू आहे. 'हजारो किलोमीटर गाडी चालविली, काहीही झाले नाही,' असे सांगणारे मालक एका बाजूला. तुटलेल्या ऑइल पंपाचे तुकडे हातात घेऊन उभे असलेले मेकॅनिक दुसऱ्या बाजूला.

गंमत अशी, की दोघेही खरे बोलत असू शकतात. नवी पुली किती हलकी आहे, यावर या वादाचा निकाल लागत नाही. काढून टाकलेली जुनी पुली इंजिनात नेमके कोणते काम करीत होती, यावर तो लागतो. हे काम समजून न घेता पाना हाती घेणाऱ्याला थोडा वेग मिळतो. मात्र त्याबदल्यात संपूर्ण इंजिन पणाला लागण्याची शक्यता असते.

पुलीची दोन कामे

क्रँकशाफ्ट हा इंजिनचा कणा होय. पिस्टनच्या वर-खाली होणाऱ्या हालचालीचे तो फिरत्या गतीत रूपांतर करतो. त्याच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील आणि क्लच असतात. तेथून शक्ती गिअरबॉक्समार्गे चाकांकडे जाते. पुढच्या टोकाला पुली असते. तिच्यावरून जाणारा पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही फिरवितो. हे झाले पुलीचे उघड दिसणारे काम.

दुसरे काम बाहेरून दिसत नाही. अनेक इंजिनांतील मूळ पुली हा एकसंध धातूचा तुकडा नसतो. आत क्रँकशाफ्टवर बसणारा तुंबा, त्याभोवती रबराचे कडे आणि त्या रबराच्या आधाराने बसविलेले जाड लोखंडी वलय, अशी तिची तीन भागांची रचना असते. हे वजनदार वलय काही काटकसरीच्या अभावी तेथे राहिलेले नाही. क्रँकशाफ्टमध्ये निर्माण होणारी कंपने शोषून घेण्यासाठी ते हेतुपुरस्सर जड ठेवलेले असते. अशा पुलीला डॅम्पर म्हणतात; अमेरिकेत 'हार्मोनिक बॅलन्सर' हे नावही रूढ आहे. हलकी पुली बसविताना जे काढून टाकले जाते, ते बहुधा हे वलय आणि त्याखालचे रबर असते.

फायदा किती, याचा हिशेब

हलक्या पुलीचा फायदा खोटा नाही, परंतु तो किती आहे हे मोजून पाहिले पाहिजे. फिरणाऱ्या वस्तूचा वेग वाढविण्यासाठी ऊर्जा लागते आणि ही ऊर्जा वस्तूच्या वजनावर व ते वजन मध्यापासून किती दूर आहे यावर ठरते. भौतिकशास्त्रात याला निरूढी परिबल म्हणतात. यात अंतराचा वर्ग धरला जात असल्यामुळे कडेवरचे शंभर ग्रॅम मध्याजवळच्या शंभर ग्रॅमपेक्षा कितीतरी 'जड' ठरतात.

नमुन्यादाखल एक हिशेब पाहू. मूळ पुली अडीच किलोची आणि पंधरा सेंटिमीटर व्यासाची आहे असे समजू. तिचे निरूढी परिबल साधारण ०.००८ किलोग्रॅम-वर्गमीटर धरता येईल. तेवढ्याच व्यासाच्या सातशे ग्रॅमच्या पुलीचे ०.००२ धरू. म्हणजे बचत ०.००६ ची झाली. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे १४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे असे मानले, तर ही बचत मोटारीचे वजन सुमारे १३ किलोने कमी करण्याइतकी ठरते. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याहून थोडे कमीच. बाराशे किलोच्या मोटारीत हा फरक एक टक्क्याच्या किंचित वर जातो.

मात्र हा झाला पहिला गिअर. गिअर वाढत जातो तसा हा लाभ वेगाने आटतो, कारण येथेही गुणोत्तराचा वर्ग लागू होतो. इंजिनचे आठ फेरे आणि चाकाचा एक, अशा दुसऱ्या गिअरमध्ये हा फायदा सव्वाचार किलोच्या आसपास उरतो. तिसऱ्यात दोन किलो आणि पाचव्यात पाऊण किलोपेक्षाही कमी, म्हणजे पाण्याच्या एका लिटरच्या बाटलीएवढाही नाही. थांबलेल्या अवस्थेतून ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला नऊ सेकंद घेणारी मोटार या हिशेबाने सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाने लवकर तेथे पोहोचेल. स्टॉपवॉच हातात धरणाऱ्या माणसाची चूक याहून मोठी असते.

मग ही पुली लावणाऱ्याला 'गाडी वेगळीच वाटते' असे का म्हणावेसे वाटते? त्यालाही कारण आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असताना किंवा गिअर बदलताना क्लच दाबलेला असतो, तेव्हा इंजिनला केवळ स्वतःचेच फिरते भाग ओढायचे असतात. फ्लायव्हील व क्लचसह या सर्व भागांचे निरूढी परिबल ०.१२ धरले, तर पुलीमुळे त्यात पाच टक्के घट होते. इंजिनचे फेरे तेवढ्या चपळाईने चढतात व उतरतात. खालच्या गिअरमध्ये जाताना ॲक्सिलरेटरला हलका झटका देऊन फेरे जुळविणाऱ्या चालकाला ही चपळाई पायाखाली जाणवते. तिला आनंद म्हणावे, पण अश्वशक्ती म्हणू नये.

येथे फ्लायव्हीलशी तुलना करणे उद्बोधक ठरते. २८ सेंटिमीटर व्यासाचे आठ किलोचे फ्लायव्हील पाच किलोवर आणले, तर होणारी बचत पुलीच्या बचतीच्या जवळजवळ पाचपट असते. हलक्या फ्लायव्हीलचेही तोटे आहेत. इंजिन मंद गतीवर खडखडते आणि चढावर गाडी काढताना क्लच अधिक जपून सोडावा लागतो. परंतु फिरते वजन कमी करणे हाच हेतू असेल, तर मोठा साठा इंजिनच्या मागच्या टोकाला आहे, पुढच्या नव्हे.

डायनोवरचा आकडा

विक्रेत्यांच्या जाहिरातीत डायनोचे आलेख हमखास असतात. डायनो म्हणजे मोटारीची शक्ती मोजण्याचे यंत्र. त्याचा एक लोकप्रिय प्रकार असा, की मोटारीची चालक चाके एका जड रुळावर ठेवतात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि रुळाचा वेग किती झपाट्याने वाढतो यावरून शक्ती काढतात. या पद्धतीत इंजिन सतत वेग घेत असते. साहजिकच इंजिनचे फिरते भाग हलके केले की त्यांना वेग देण्यात खर्ची पडणारी शक्ती वाचते आणि ती आलेखावर 'वाढ' म्हणून उमटते.

आपल्या नमुन्याच्या मोटारीत, पहिल्या गिअरमध्ये इंजिन दोन हजार फेऱ्यांपासून सात हजारांपर्यंत अडीच सेकंदांत चढले, तर सहा हजार फेऱ्यांपाशी ही बचत साधारण एका अश्वशक्तीची भरते. वरच्या गिअरमध्ये ती याहून कमी होते. याच इंजिनला ठरावीक फेऱ्यांवर स्थिर धरून मोजणारा डायनो लावला, तर केवळ वजनातील घटीमुळे कोणतीच वाढ दिसणार नाही. कारण स्थिर गतीने फिरणाऱ्या पुलीला वेग देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. थोडक्यात, हलकी पुली इंजिनची शक्ती वाढवीत नाही. वेग घेताना वाया जाणाऱ्या शक्तीचा अल्पसा भाग परत देते. शिवाय दोन चाचण्यांमध्ये हवेचे व इंजिनचे तापमान बदलले तरी दोन-तीन अश्वशक्तींचा फरक सहज पडतो, हे आलेख पाहताना ध्यानात ठेवलेले बरे.

पोलादालाही पीळ पडतो

आता नाण्याची दुसरी बाजू. क्रँकशाफ्ट कितीही भक्कम दिसला, तरी तो पूर्णतः ताठ नसतो. सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा क्रँकशाफ्टच्या त्या भागाला जोराचा धक्का बसतो आणि ओला टॉवेल पिळावा तसा, अतिसूक्ष्म प्रमाणात, तो पिळला जातो. धक्का ओसरताच तो उलट दिशेने परततो. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्यात असे दोन धक्के बसतात, सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन. हा पीळ एका अंशाच्याही अंशाएवढा असतो, पण सेकंदाला शेकडो वेळा पडतो आणि सुटतो.

प्रत्येक क्रँकशाफ्टची स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का देत राहिले, तरी झोका उंच उंच जातो. तसेच इंजिनचे धक्के जेव्हा क्रँकशाफ्टच्या लयीशी जुळतात, तेव्हा पिळाची कंपने एकाएकी वाढतात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. समजा, एखाद्या क्रँकशाफ्टची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला ४०० आहे. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेते, तेव्हा सेकंदाला शंभर फेरे होतात. स्फोटाचा धक्का एकजिनसी नसतो. त्यात दर फेऱ्याला दोनदा, चारदा, सहादा येणाऱ्या लहान-मोठ्या लहरी मिसळलेल्या असतात. त्यांतील चारदा येणारी लहर सहा हजार फेऱ्यांवर बरोबर ४०० चा आकडा गाठते आणि सहादा येणारी चार हजार फेऱ्यांवरच गाठते. म्हणजे धोक्याच्या जागा एकाहून अधिक असतात आणि वेगवान मोटारीचे इंजिन नेमके याच टप्प्यात अधिक काळ चालविले जाते.

क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असल्याने ते टोक तुलनेने स्थिर राहते. सर्वाधिक हेलकावे पुढच्या, मोकळ्या टोकाला बसतात. डॅम्पर तेथेच बसविण्यामागे हेच कारण आहे. त्याचे जड वलय आपल्या जडत्वामुळे एकसारखे फिरत राहू पाहते, तुंबा मात्र क्रँकशाफ्टबरोबर पुढे-मागे थरथरतो. या ओढाताणीत मधले रबर ताणले-दाबले जाते आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. वलयाचे वजन आणि रबराचा कडकपणा त्या-त्या क्रँकशाफ्टच्या लयीशी जुळवून ठरविलेला असतो. म्हणूनच एका इंजिनचा डॅम्पर दुसऱ्याला चालेलच असे नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

हे ज्ञान मोटार उद्योगाला फुकट मिळालेले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सहा सिलिंडरच्या मोटारी बाजारात येऊ लागल्या, तेव्हा त्यांचे लांबलचक क्रँकशाफ्ट ठरावीक गतीवर थरथरत आणि काही मोडतही. धातू निकृष्ट असल्याचा संशय आधी घेतला गेला. खरे कारण पिळाच्या कंपनांत होते. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी या कंपनांवर उपाय म्हणून डॅम्पर तयार केला आणि १९१० मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. रोल्स-रॉइसचे हेन्री रॉइस हेही त्याच सुमारास अशाच उपायापर्यंत पोहोचले होते. आज रबरी वलयाचा डॅम्पर सर्वाधिक प्रचलित असून, बंद डब्यात दाट सिलिकॉन द्रवात मोकळे तरंगणारे वलय ठेवलेला द्रवरूप डॅम्परही शर्यतीच्या आणि जड वाहनांच्या इंजिनांत वापरला जातो.

लांबी हा येथे कळीचा मुद्दा आहे. एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनचा क्रँकशाफ्ट लांब, म्हणून पिळाला सहज बळी पडणारा. चार सिलिंडरचा आखूड आणि ताठ. सुबारूच्या बॉक्सर पद्धतीच्या इंजिनात चार सिलिंडर समोरासमोर आडवे असल्याने क्रँकशाफ्ट आणखी आखूड होतो. एकाच प्रकारच्या पुलीविषयी वेगवेगळ्या मोटारींच्या मालकांचे अनुभव परस्परविरोधी का असतात, याचा उलगडा येथे होतो.

घाव कोठे बसतो?

क्रँकशाफ्टच मोडावा, ही शेवटची पायरी. त्याआधी त्याच्या पुढच्या टोकाशी जोडलेले भाग ही कंपने सोसत असतात. अनेक आधुनिक इंजिनांत ऑइल पंपाचे आतले चक्र थेट क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसविलेले असते. हे चक्र पुष्कळदा धातूची भुकटी दाबून व भाजून बनवितात; ते झीज चांगली सोसते, पण वारंवारच्या हादऱ्यांपुढे ठिसूळ ठरते. ते तडकले की तेलाचा दाब क्षणात शून्यावर येतो आणि भर वेगात असलेल्या इंजिनचे बेअरिंग काही सेकंदांत जळून जातात. हजारो रुपयांच्या हौसेचे लाखांच्या खर्चात रूपांतर होते, ते या वाटेने.

निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आर या गाजलेल्या मोटारीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९८९ मध्ये आलेल्या तिच्या आर-३२ आवृत्तीत 'आरबी-२६' हे एका रांगेत सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे इंजिन होते. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचा ऑइल पंपाला फिरविणारा भाग अरुंद होता. शक्ती आणि फेरे वाढविलेल्या इंजिनांत पंपाचे चक्र फुटण्याचे प्रकार घडत आणि पुढे निस्साननेच हा भाग रुंद केला. मूळ डॅम्पर जागेवर असतानाही ज्या इंजिनात हा भाग नाजूक ठरला, तेथे डॅम्परच काढून टाकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अशी इंजिने बांधणारे जाणकार पुली हलकी करण्याऐवजी अधिक सक्षम डॅम्पर बसवितात.

खुद्द कारखानदारांचे वर्तनही बोलके आहे. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतील एम-३ चे ३.२ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत जाई. एकेका अश्वशक्तीसाठी जीव टाकणाऱ्या अभियंत्यांनी त्यावरचा जड डॅम्पर मात्र कायम ठेवला. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत तर ठरावीक वेळेहून वेगवान मोटारींना प्रमाणित डॅम्पर बसविणे नियमानेच बंधनकारक आहे. वेगाशिवाय दुसरे काहीही न जाणणाऱ्या या खेळाने डॅम्परला सुरक्षेच्या साधनांत जागा द्यावी, यातच सारे आले.

ऑइल पंपाखेरीज टायमिंगचा पट्टा अथवा साखळी, तिचे ताण देणारे भाग, क्रँकशाफ्टचा पुढचा बोल्ट आणि चावीची खाच यांवरही या कंपनांचा मारा होतो. ही झीज आवाज न करता होते. पुली बसविल्यावर पहिल्या महिन्यात काही बिघडले नाही, हा म्हणूनच पुरावा ठरत नाही.

समतोल वेगळा, शमन वेगळे

'आमची पुली उत्तम बॅलन्स केलेली आहे,' असा दावा विक्रेते आवर्जून करतात. तो खराही असतो, पण मूळ आक्षेपाला उत्तर देत नाही. पुलीचे वजन सर्व बाजूंनी सारखे असणे म्हणजे समतोल. क्रँकशाफ्टचा पीळ शांत करणे म्हणजे शमन. गाडीचे चाक बॅलन्स केले म्हणून शॉक ॲब्सॉर्बर काढून टाकता येत नाहीत, तसेच हे आहे. 'हार्मोनिक बॅलन्सर' या नावाने हा गोंधळ आणखी वाढविला आहे.

काही इंजिनांत मात्र पुढच्या डॅम्परवर खरोखरच समतोलाचीही जबाबदारी असते. फोर्डचे ३०२ घनइंची व्ही-८ आणि शेव्हरोलेचे ४०० घनइंची व्ही-८ ही त्याची परिचित उदाहरणे. त्यांच्या क्रँकशाफ्टचा तोल साधणारे वजन जाणूनबुजून एका बाजूला जड केलेल्या डॅम्परवर आणि फ्लायव्हीलवर ठेवलेले असते. येथे सर्व बाजूंनी सारखी असलेली 'उत्तम बॅलन्स' पुली बसविली, तर आधी समतोलात असलेले इंजिन असमतोल होते.

छोट्या व्यासाची पुली

हलकी पुली आणि छोटी पुली हे दोन वेगळे प्रकार असून, बाजारात ते अनेकदा एकत्रच विकले जातात. पुलीचा व्यास कमी केला, की अल्टरनेटर व पंप सावकाश फिरतात आणि त्यांना ओढण्यात इंजिनची कमी शक्ती खर्च होते. हा फायदा स्थिर गतीवरही मिळतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची किंमत रोजच्या वाहतुकीत चुकवावी लागते.

१५ सेंटिमीटरची पुली सहा सेंटिमीटरच्या अल्टरनेटर-पुलीला फिरवीत असेल, तर आठशे फेऱ्यांच्या मंद गतीवर अल्टरनेटर दोन हजार फेरे घेतो. क्रँक पुली १२ सेंटिमीटरची केली की ते सोळाशेवर येतात. या टप्प्यात अल्टरनेटरची वीजनिर्मिती झपाट्याने घटते. पावसाळ्याच्या रात्री दिवे, वायपर, एसी आणि रेडिएटरचा पंखा चालू ठेवून वाहनांच्या रांगेत अडकलेल्या मोटारीला नेमकी तेव्हाच विजेची सर्वाधिक गरज असते. पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर असेल, तर इंजिन थंड ठेवण्याची क्षमता वीस टक्के मंदावलेल्या पंपावर सोपवावी लागते. शर्यतीच्या मैदानावर इंजिनचे फेरे कायम चढे असतात. मुंबई-पुण्याच्या सिग्नलवर ते नसतात.

मग ही पुली कधीच लावू नये का?

असा सरसकट निष्कर्ष काढणेही अन्यायाचे होईल. काही लहान, चार सिलिंडरच्या इंजिनांत मूळ पुलीच एकसंध धातूची असते. तेथे तेवढ्याच व्यासाची हलकी पुली बसविल्याने शमन गमावण्याचा प्रश्न येत नाही, कारण ते मुळात नव्हतेच. काही पुलींमधील रबर क्रँकशाफ्टसाठी नसून पट्ट्याचा आवाज व धक्के कमी करण्यासाठी असते. तेथे धोका तुलनेने कमी असतो. हलक्या पुलीचे समर्थक आणखी एक मुद्दा मांडतात, तोही निराधार नाही. पुढच्या टोकाचे वजन घटले की क्रँकशाफ्टची नैसर्गिक कंपनसंख्या वाढते. आखूड व ताठ क्रँकशाफ्टच्या बाबतीत ती इंजिनच्या वापरातील फेऱ्यांपलीकडे सरकू शकते.

अडचण एवढीच, की ती खरोखर सरकली की नाही हे मोजल्यावाचून सांगता येत नाही आणि असे मोजमाप गॅरेजमध्ये होत नाही. शिवाय पुली बदलणारा हौशी माणूस बहुधा तेथेच थांबत नाही. पुढे कॅमशाफ्ट बदलतो, फेऱ्यांची मर्यादा वाढवितो, टर्बोचा दाब चढवितो. कालपर्यंत सुरक्षित असलेले इंजिन अशा रीतीने स्वतःहून धोक्याच्या फेऱ्यांकडे जाते. दर काही शर्यतींनंतर इंजिन उघडून तपासणाऱ्या संघाला ही जोखीम परवडते. त्याच मोटारीने सोमवारी कार्यालयात जायचे असेल, तर परवडत नाही.

डिझेल मोटारींच्या मालकांनी तर या वाटेला न गेलेलेच उत्तम. डिझेल इंजिनातील स्फोटाचा धक्का अधिक तीव्र असतो आणि त्यांत डॅम्पर पुली हा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडे डिझेल मोटारींच्या संगणकीय नियंत्रणात फेरफार करून टॉर्क वाढविण्याची पद्धत रुळलेली आहे. टॉर्क वाढला की क्रँकशाफ्टला पडणारा पीळही वाढतो. अशा इंजिनात डॅम्परचे महत्त्व आणखी वाढते.

खर्च करण्यापूर्वी

या पार्श्वभूमीवर पुली बदलण्याचा विचार करणाऱ्यांनी काही गोष्टी आधी तपासून घेणे हिताचे ठरेल.

पहिली गोष्ट, मूळ पुलीत तुंबा आणि बाहेरचे वलय यांच्यामध्ये रबराचे कडे आहे का, ते पाहावे. असल्यास ती डॅम्पर आहे असेच गृहीत धरावे. नाही असे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्याची. दुसरी, ऑइल पंप कसा फिरतो याची माहिती मेकॅनिककडून घ्यावी. तो थेट क्रँकशाफ्टवर असेल, तर सावधगिरी दुप्पट हवी. तिसरी, इग्निशनच्या टायमिंगच्या खुणा किंवा सेन्सरचे दाते मूळ पुलीवर आहेत का, हे पाहावे. काही इंजिनांत ते असतात आणि नव्या पुलीवर ते नसले की इंजिन नीट चालत नाही. चौथी, मोटार वॉरंटीत असेल तर इंजिनच्या पुढच्या भागातील कोणत्याही बिघाडाचा दावा या बदलामुळे नाकारला जाऊ शकतो, याची जाणीव ठेवावी.

बसविण्याचे कामही दिसते तितके किरकोळ नाही. जुनी पुली काढण्यासाठी पुलर वापरावा. हातोड्याचे घाव क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतात. बोल्ट कारखान्याने ठरविलेल्या टॉर्कलाच, टॉर्क रेंचने आवळावा. माझदाची एमएक्स-५ ही लोकप्रिय छोटी स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये आली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. तेथील बोल्ट किंचित सैल राहिला, तरी चावीची खाच झिजत जाऊन क्रँकशाफ्टच निकामी होत असे. पुढे माझदाने या भागाची रचना सुधारली. पुढच्या टोकावरचा एक बोल्ट काय करू शकतो, याचा हा धडा सर्वच मोटारींना लागू आहे.

मूळ डॅम्पर ठेवला म्हणजे निर्धास्त झालो, असेही समजू नये. रबराला वय असते. उष्णता आणि तेलाच्या संपर्काने ते कडक होते, त्याला भेगा पडतात आणि बाहेरचे वलय जागेवरून सरकते. २००२ ते २००६ या काळातील मिनी कूपर-एसमध्ये सुपरचार्जरचा पट्टाही याच पुलीवरून फिरत असे आणि रबर सुटून पुलीचे दोन भाग वेगळे होण्याची तक्रार त्या मोटारींत परिचयाची आहे. जुन्या मोटारीत पुली चालताना डुगडुगते का, रबर बाहेर डोकावते का, हे प्रत्येक मोठ्या सर्व्हिसिंगच्या वेळी पाहून घ्यावे. खराब झालेला डॅम्पर बदलून तसाच नवा किंवा त्याहून चांगला बसविणे, हा पुलीवर करता येण्याजोगा सर्वांत शहाणपणाचा खर्च होय.

अखेर हिशेब सरळ आहे. एका पारड्यात पहिल्या गिअरमधील एक टक्का आणि सेकंदाचा विसावा भाग आहे; दुसऱ्यात ऑइल पंप, बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट. तेवढेच १३ किलो डिकीतील अनावश्यक सामान काढूनही कमी करता येतात आणि ते सर्व गिअरमध्ये कमी होतात. ज्याच्या इंजिनात मूळ पुलीच एकसंध आहे, त्याने हौस जरूर भागवावी. इतरांनी नवी पुली हातात घेऊन तिचे वजन अजमावण्यापूर्वी जुनी पुली एकदा नीट न्याहाळावी. तिच्यातील रबराचे ते काळे, बोटभर जाडीचेही नसलेले कडे आजवर इंजिन सांभाळत आले आहे.